जुनी डिझेल गाडी वाजायला लागली तर इंजिन खोलण्याआधी काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राधानगरी भागातली २००९ ची बोलेरो डीआय, मीटर २ लाख ८० हजारांच्या पुढे गेलेलं. सकाळी पहिल्यांदा चालू केली की टक-टक वाजते, गाडी गरम झाली की ते बरंच कमी होतं. दुसरं म्हणजे फोंडा घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये रेस सोडली की खालून जाड ठक-ठक येते, चढाला येत नाही, आणि ही गरम गाडीतच येते. ऑइलचा दिवा कधी लागलेला नाही. एका मिस्त्रींनी फुल इंजिन काम सांगितलंय, दुसऱ्यांनी "डिझेल हाय, वाजायचंच, चालवा" म्हणून परत पाठवलंय. आता काय करावं?

दादा, दोघांपैकी कुणाचंही लगेच ऐकू नका. तुमच्या गाडीत एक आवाज नाही, दोन आहेत, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. सकाळची टक-टक महिनाभर तशीच राहिली तरी फारसं बिघडणार नाही. रेस सोडल्यावरच्या ठक-ठकीला मात्र तसं थांबून चालत नाही. ती कनेक्टिंग बेरिंगची असेल (पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जिथं जोडतो तिथलं बेरिंग) तर एखाद्या दिवशी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल आणि मग ग्राइंडिंगला (घासून मापात आणायला) क्रँकही उरणार नाही. म्हणून पहिली गोष्ट: गेज लावून ऑइल प्रेशर मोजून होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. गावात हळू फिरवली तर चालेल, पण भरलेली गाडी चढाला किंवा उताराला नको.

आता तपासाकडे येऊ. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं सगळं आयुष्य डिझेल इंजिनांवर गेलं. त्यातून एक पक्कं झालंय: आवाज "कसा" आहे याच्यापेक्षा तो "कधी" येतो आणि "कशानं बदलतो" हे विचारावं. टक-टक, खट-खट, ठक-ठक हे प्रत्येकाला वेगवेगळं ऐकू येतं. बॉनेटचा पत्रा, फायरवॉल, गिअरबॉक्सचं घर, सगळं आवाज इकडून तिकडे नेतं. थंड की गरम, लोडवर की मोकळी, क्लच दाबून की सोडून, ही उत्तरं मात्र फसवत नाहीत.

सगळ्यात आधी आवाजाची लय पकडा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकच फेरा फिरतो. म्हणजे ७५० आरपीएमला गाडी उभी असेल तर क्रँक सेकंदाला साडेबारा फेरे मारतो आणि एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह सेकंदाला सहा-सव्वासहा वेळा उघडतो. टॅपेट, रॉकर, पुशरॉड (हे तिन्ही व्हॉल्व्ह उघडणारे भाग), नोझल (डिझेल फवारणारं), मॅनिफोल्डची (धुराच्या नळ्यांची) गळती हे सगळं या अर्ध्या लयीत वाजतं. क्रँक पुली, फ्लायव्हील यांचे आवाज क्रँकच्या पूर्ण लयीत येतात, आणि बेरिंगही बहुतेक वेळा त्याच लयीत वाजतं. सेकंदाला सहा ठोके माणूस कसेबसे मोजू शकतो, साडेबाराची नुसती तडतड ऐकू येते. ऑइल कॅप काढून आत रॉकर हलताना बघा आणि त्याच वेळी आवाज ऐका. दोन्हींचा ठेका जुळला तर दोष बहुतेक वरच्या बाजूला आहे. एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही, पण शोध वर घ्यायचा की खाली हे कळतं.

त्यानंतर बाहेरच्या वस्तू एकेक करून बाजूला काढायच्या. हे काम कंटाळवाणं म्हणून पुष्कळ जण टाळतात आणि नेमकं तिथंच गिऱ्हाइकाचं नुकसान होतं. इंजिन थंड असताना फॅन बेल्ट काढा आणि गाडी मिनिटभर, त्याहून जास्त नाही, चालू ठेवा. बेल्टवरचा वॉटर पंपही थांबलेला असतो, त्यामुळे जास्त वेळ ठेवली तर गाडी तापेल. आवाज गेला तर तो वॉटर पंपाच्या, अल्टरनेटरच्या किंवा फॅनच्या बेरिंगचा होता. तुमच्या गाडीत ब्रेकच्या बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो. त्याच्या पट्ट्या झिजल्या की तोही टक-टक करतो आणि ऐकणाऱ्याला टॅपेट वाटतो. हे नुसत्या कानानं वेगळं करायला जाऊ नका, बेल्ट काढलेला बरा.

क्लचची परीक्षा त्याहून सोपी. गाडी न्यूट्रलला उभी, इंजिन चालू. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेरिंग. पेडल सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर गप्प, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेरिंग. पेडल दाबा किंवा सोडा, आवाज जरासुद्धा बदलला नाही तर मग इंजिनाकडे या.

क्रँक पुलीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या आवाजाशी त्याचा संबंध असू शकतो. पुलीचा बोल्ट ढिला झाला किंवा चावीची (पुलीला क्रँकवर घट्ट धरणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच मोठी झाली की रेस सोडताना पुली क्रँकवर थोडी मागे-पुढे सरकते आणि खालून जाड ठोका येतो. कनेक्टिंगच्या आवाजाशी त्याचं इतकं साम्य असतं की जाणती माणसंही फसतात. दूध वाहतुकीची एक जीप माझ्याकडे आली होती. दुसरीकडे तिला हाफ इंजिन (अर्धं इंजिन खोलायचं काम) सांगितलेलं, मालकानं पैशाची जुळवाजुळवही सुरू केलेली. इंजिन बंद करून मी पुली दोन्ही हातांनी धरली आणि फिरवायच्या दिशेनं मागे-पुढे हिसका दिला, तर ती क्रँक न हलता किंचित सरकत होती. बोल्ट काढल्यावर चावीच्या खाचेच्या कडा चकचकीत घासलेल्या दिसल्या आणि पुलीमागं तांबूस लोखंडी भुकटी जमलेली होती. नवी पुली, नवी चावी, बोल्ट नीट टॉर्कला, एवढ्यावर जीप गप्प झाली. तेव्हा तुमच्या गाडीचा चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवायच्या आधी पुलीला हात लावून बघा. फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले असतील तरी असंच वाजतं, पण आवाज मागून, गिअरबॉक्सच्या घरातून येतो आणि क्लच दाबताना बदलतो.

सायलेन्सर पाइपाचा फ्लँज आणि मॅनिफोल्डचं पॅकिंगही बघून घ्या. तिथून गळती असेल तर चुक-चुक असा टॅपेटसारखा आवाज येतो, थंड गाडीला जास्त, रेस दिली की अजून जास्त, आणि गरम झाल्यावर लोखंड फुगून फट बुजली की कमी. तुमच्या सकाळच्या टक-टकीला हे वर्णन बऱ्यापैकी लागू पडतं. मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा काळा फराटा असेल तर उत्तर तिथंच आहे. नोझलच्या खालचं तांब्याचं वॉशर गळत असलं तरी असाच फुस-फुस आवाज येतो. नोझलच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे आले तर वॉशर बदला.

एवढं करून आवाज राहिला तर आता इंजिनाच्या आत.

सकाळच्या आवाजाला चार कारणं असू शकतात. पहिलं कारण म्हणजे दोष नसणंच. डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन थंड असताना डिझेल आत गेल्यावर पेट घ्यायला जरा उशीर लागतो. तेवढ्या वेळात जास्त डिझेल जमतं आणि एकदम भडकतं, म्हणून थंडीतली डिझेल गाडी कडक वाजते. चारही सिलिंडर सारखे वाजत असतील आणि आवाज दोन-तीन मिनिटांत मऊ होत असेल तर ते तिचं नेहमीचं बोलणं आहे. एकच सिलिंडर कडक वाजत असेल आणि काळा धूर असेल तर नोझल गळतंय किंवा अडकतंय. ते काढून पंप-नोझलवाल्याकडे टेस्टरवर लावा. फवारा बारीक हवा, टोकाला थेंब लोंबता कामा नये.

दुसरं कारण चालू केल्यावरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांचं. रात्रभरात ऑइल फिल्टरमधून खाली उतरलेलं असतं, ते वर चढेपर्यंत खडखड होते. फिल्टरच्या आत ऑइल मागे जाऊ न देणारी एक रबरी झडप असते. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये ती कडक होते किंवा नसतेच. इथं चांगला फिल्टर टाकणं हाच उपाय.

तिसरं कारण टॅपेट. गाडी स्लोला (रेस न देता) चालू ठेवून रॉकर कव्हर उघडा (अंगावर ऑइल उडेल, जुने कपडे घाला) आणि फिलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्टीची) पात रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे एकेक ठिकाणी सरकवा. ज्या ठिकाणी पात गेल्यावर आवाज उतरतो तो टॅपेट वाजतोय. गॅप मात्र गाडी बंद करून, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणि त्यात सांगितलेल्या तापमानाला लावायचा. इतकी चाललेली गाडी असली की रॉकरच्या टोकावर व्हॉल्व्हनं छोटा खड्डा पाडलेला असतो. फिलर गेजची सपाट पात त्या खड्ड्याच्या दोन कडांवर बसते, खड्ड्यात उतरत नाही. गेज म्हणतं गॅप बरोबर आहे, आणि प्रत्यक्षात खड्ड्याएवढा गॅप जास्त असतो. मग टॅपेट कितीही वेळा सेट केले तरी आवाज जात नाही आणि शेवटी वैतागून कुणीतरी ते आवळून टाकतं. ते फार वाईट. गॅप उरला नाही की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि त्याची कड जळते. वाजणारा टॅपेट पुष्कळ वर्षं चालतो, आवळलेला टॅपेट हेड उतरवायला लावतो. रॉकरचं टोक नखानं चाचपून बघा, खड्डा लागला तर रॉकर बदला.

चौथं कारण पिस्टन. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी बोअरपेक्षा जास्त फुगतो. थंड असताना झिजलेल्या बोअरमध्ये तो आडवा आपटतो, गरम झाला की फुगून फट भरतो आणि गप्प होतो. तुमचं वर्णन टॅपेटपेक्षा याच्याशी जास्त जुळतं. पिस्टन असा वाजत असला तरी ऑइल खात नसेल, बॅक कॉम्प्रेशन मारत नसेल (पिस्टनच्या कडेनं दाब खाली निसटत नसेल) आणि पिकअप ठीक असेल तर मी गाडी खोलायला सांगत नाही. बॅक कॉम्प्रेशन बघायला गरम गाडीची ऑइल कॅप काढून उलटी तशीच तोंडावर ठेवा. थोडी थरथरली तर चालतं. कॅप उडून पडली आणि धुराचे भपके आले तर रिंगा गेल्यात. घाट उतरून खाली आल्यावर पहिल्यांदा रेस देताना निळा धूर निघत असेल तर व्हॉल्व्ह गाइड आणि सीलकडेही लक्ष द्या. उतारावर ऑइल तिथून आत उतरून साचू शकतं.

आता तुमचा खरा प्रश्न, रेस सोडल्यावरची ठक-ठक.

कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक क्रँकच्या जर्नलवर (गुळगुळीत गोल भागावर) बसतं आणि मधे बेरिंगचे दोन अर्धे कवच असतात. रेस दिलेली असताना जाळाचा दाब रॉडला सतत खाली दाबून ठेवतो. रेस सोडली की दाब जातो आणि रॉड ओढला जाऊ लागतो. म्हणजे बेरिंगमध्ये जेवढी फट असेल तेवढी ओलांडून तो दुसऱ्या बाजूला आपटतो. म्हणूनच हा आवाज दाबून धरलेल्या रेसवर कमी आणि रेस सोडताना किंवा हलक्या एकसारख्या रेसवर, साधारण १५०० ते २५०० आरपीएमच्या मधे, जास्त येतो. बंद दारावर मुठीनं ठोकल्यासारखा तो भरीव असतो. मेन बेरिंगचं (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो त्याचं) उलटं आहे. ते चढाला, पूर्ण लोडवर, त्याहून खालच्या पट्टीत वाजतं आणि पायाखालच्या पत्र्याला हादरा जाणवतो. तुम्ही लिहिलंय की उतारावर वाजते आणि चढाला नाही. वाघबीळहून पन्हाळ्याच्या चढाला रिकामी गाडी एकदा सावकाश नेऊन हे पडताळता आलं असतं, पण प्रेशर मोजल्याशिवाय तेही नको.

गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) किंवा तिचा बुश झिजला असेल तर आवाज हलका, कडक आणि जोडीनं येतो, टक-टक, टक-टक असा, आणि स्लोला सर्वांत स्पष्ट. तुमचा आवाज तसा वाटत नाही.

गरम-थंडचा हिशोब इथं सगळ्यात उपयोगी. पिस्टनचा आवाज गरम झाल्यावर कमी होतो. बेरिंगचा आवाज गरम झाल्यावर वाढतो, कारण ऑइल पातळ होतं आणि फट भरून ठेवणारी ऑइलची गादी उरत नाही. तुमचा दुसरा आवाज गरम गाडीत येतो, हे मला काळजीचं वाटतं.

सिलिंडर शोधायला नोझल पाइपाची युक्ती आहे. गाडी स्लोच्या थोडी वर, आवाज येईल अशा आरपीएमला ठेवा आणि एकेका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करा. त्या सिलिंडरला डिझेल मिळायचं बंद होतं. ज्याचा नट सैल केल्यावर ठोका कमी झाला किंवा गेला, त्याचं कनेक्टिंग संशयित. कुणाचाच नट सैल करून फरक पडला नाही तर मेन बेरिंग, पुली किंवा फ्लायव्हीलकडे बघा. नटावर जाड फडकं गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा घाला आणि गळत्या सांध्याजवळ बोट अजिबात नेऊ नका. दाबातलं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. बाहेरून नुसता ठिपका दिसतो आणि आत हात सडतो. असं झालं तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

आणखी एक सक्त सूचना. ही युक्ती फक्त तुमच्यासारख्या जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला. नोझलच्या डोक्यावर वायरचं सॉकेट असेल तर ती कॉमन रेल गाडी. तिथं दाब १००० बारच्या वर जातो. चालू गाडीचा पाइप सैल करणं म्हणजे जीवाशी खेळ. तिथं स्कॅनर लावून सिलिंडर बंद करायचे.

कानाला साधन म्हणून लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. टोक ब्लॉकवर, मूठ कानाच्या हाडाला, आणि फॅनपासून डोकं, मफलर, बाही लांब. टोक वर रॉकर कव्हरवर, मधे ब्लॉकवर, खाली चेंबरच्या कडेवर असं फिरवत जा. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलेल्या आवाजावरून मात्र मी निकाल देत नाही. फोन बारीक टक-टक मोठी करतो आणि खालचा जाड ठोका गाळून टाकतो.

आता ऑइल प्रेशर, कारण तुमचा निकाल इथं लागणार. दिवा लागत नाही यावर विसंबू नका. तो स्विच साधारण ५ ते ७ पीएसआयच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत बेरिंगचं बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. स्विच काढून त्या जागी साधं मेकॅनिकल गेज लावा, गाडी नीट गरम होऊ द्या आणि स्लोला व २००० आरपीएमला आकडे लिहून घ्या. ढोबळ हिशोब असा की दर १००० आरपीएमला १० पीएसआय हवेत. गरम गाडी २००० ला २० च्या बरीच खाली असेल किंवा स्लोला काटा ५-६ वर लोंबत असेल, तर गाडी तिथंच उभी करा.

प्रेशर कमी म्हणजे बेरिंगच गेलं असंही नाही. डिपस्टिक काढून वास घ्या. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर गळक्या नोझलमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. रिलीफ व्हॉल्व्ह (ऑइलचा जादा दाब सोडणारा) कचऱ्यानं अर्धवट उघडा अडकलेला असू शकतो, चेंबरमधली जाळी गाळानं भरलेली असू शकते. आणि दाट ऑइल किंवा आवाज कमी करायचं औषध टाकून प्रेशर वाढवू नका. काटा वर जातो, आवाज चार दिवस दबतो, फट तेवढीच राहते. सकाळच्या गाडीत दाट ऑइल वर चढायला उशीर लागतो ते वेगळंच. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: गाडी बघायला जाताना ती थंड असावी, आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांगा, आणि डिपस्टिकवरचं ऑइल मधासारखं ओघळतंय का बघा.

प्रेशरनंतर फिल्टर. जुना फिल्टर फेकू नका, पत्रा कापून आतला कागद उलगडा, पिळून पांढऱ्या फडक्यावर पसरा आणि उन्हात धरून बघा. चुंबकाला चिकटणारी काळी भुकटी लोखंडाची, थोडी असली तर चालतं. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी चकचकीत कण पिस्टनचे किंवा बेरिंगच्या वरच्या थराचे. तांबूस-पिवळी चकाकी दिसली तर बेरिंगचा वरचा पांढरा थर संपून खालचं तांबं उघडं पडलंय. तो रंग दिसला की मी गेजचा आकडाही विचारत नाही, चेंबर उतरवतो.

तुमच्या बाबतीत मी हाच क्रम धरीन: पुलीला हिसका, ऑइलची पातळी आणि वास, गेज, नोझलचे नट, फिल्टर. हे सगळं एका दिवसात होतं. प्रेशर चांगलं, फिल्टर स्वच्छ आणि पुली ढिली निघाली तर खर्च किरकोळ. प्रेशर कमी आणि एका नटावर आवाज बदलला तर चेंबर उतरवून फक्त त्या सिलिंडरच्या रॉडची कॅप खोला. हेड उतरवायची गरज तोवर नाही. बेरिंगवर ओरखडे असतील पण जर्नल गुळगुळीत असेल, तर मायक्रोमीटर लावा. फटीचा ढोबळ नियम असा की जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर. जर्नल गोल आणि मापात असेल तर नुसत्या नव्या बेरिंगवर काम होतं. लंबगोल झाला असेल, नखाला रेघा लागत असतील, तर क्रँक बाहेर काढून ग्राइंडिंग, ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरचं अंडरसाइझ बेरिंग (घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारं). नवं बेरिंग झिजलेल्या क्रँकवर बसवून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. ते पुन्हा वाजणार.

क्रँक बाहेर निघालाच तर त्याच फेऱ्यात बोअर मोजा, ऑइल पंप उघडा, क्रँकमधली ऑइलची भोकं तार आणि हवेनं साफ करून घ्या. ग्राइंडिंगची भुकटी त्या भोकात राहिली तर नवं बेरिंग पहिल्या आठवड्यात खराब होतं. कोल्हापुरात आपली एक सोय आहे. फाउंड्री आणि ऑइल इंजिनांच्या परंपरेमुळे क्रँक ग्राइंडिंग, बोअर, स्लीव्ह, लाइन बोअरिंग, हेड फेसिंग हे सगळं उद्यमनगरात जवळजवळ मिळतं, आणि जॉब तुमच्या डोळ्यांसमोर मोजून घेता येतो. त्याचा फायदा घ्या. ग्राइंडिंगच्या आधीचं आणि नंतरचं माप, प्रत्येक जर्नलचं दोन ठिकाणी आडवं-उभं, कागदावर लिहून मागा. चांगला कारागीर ते आनंदानं देतो.

एक चौकशी राहिली. ही गाडी ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या पुरात कुठं पाण्यात उभी होती का? तुमच्याकडे नसेल, तर आधीच्या मालकाकडे? पंचगंगेचं पाणी ज्या भागात शिरलं तिथल्या कितीतरी गाड्या पाणी उतरल्यावर तशाच सेल्फ मारून चालू केल्या गेल्या. पाणी दाबलं जात नाही, म्हणून सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की रॉड किंचित वाकतो. गाडी चालू होते आणि पुढं वर्ष-वर्ष चालतेही, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी राहतं, पिस्टन बोअरमध्ये तिरका चालतो आणि बेरिंगची एकच कड झिजते. कॉम्प्रेशन गेज लावून चारही आकडे घ्या. एकूण आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. एकच बराच खाली असेल आणि त्याच सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाज बदलत असेल तर तो रॉड अलाइनमेंटला लावायलाच हवा. आणि पुढं कधी गाडी पाण्यात सापडलीच तर सेल्फ अजिबात मारू नका. नोझल काढा, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर पडू द्या, मगच पुढचं.

याच प्रश्नाखाली मारुती ८०० आणि ओम्नीबद्दलही विचारणा आहे, तिचं उत्तर लहान. पेट्रोल गाडी चढाला रेस दिल्यावर खिळे हलवल्यासारखी चिट-चिट वाजत असेल तर ते बहुतेक बेरिंग नाही. इग्निशन टायमिंग पुढं गेलंय, कार्बन जमलाय किंवा गाडी जास्त तापतेय. सिलिंडर शोधायला तिथं नोझलऐवजी प्लगची वायर एकेक करून काढायची, चांगल्या इन्सुलेटेड पक्कडीनं, आणि काढलेली वायर बॉडीला टेकवून धरायची.

तुमची गाडी चेंबर उतरवण्यापर्यंत आली तर निघालेले बेरिंगचे अर्धे कवच कुणाला फेकू देऊ नका. प्रत्येकाच्या पाठीवर मार्करनं सिलिंडरचा नंबर आणि वर-खाली लिहा आणि कॅपच्या दिशेची खूणही करून ठेवा. झीज वरच्या कवचावर आहे की खालच्या, मधे आहे की एका कडेला, यावरून ऑइल कमी पडलं, कचरा गेला की रॉड वाकलाय हे कळतं. उजेडात ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि गेजचे दोन आकडे व कॉम्प्रेशनचे चार आकडे सोबत पाठवा. क्रँक काढायचा की नाही ते त्यावरून सांगतो.